संडासाची चावी कोणाकडे? मालवणचा किल्ला, अप्पा पटवर्धन आणि आपण प्रवासी

आजचा विषय संडास आहे. जेवताना ऐकत असाल तर आधी जेवण उरकून घ्या. आणि इथं वाचत असाल तर रेकॉर्डिंगमध्ये घाईत जे सुटलं होतं तेही जोडून दिलंय.

या भागाचं निमित्त सांगते. डिसेंबरात आम्ही तिसगावहून मालवणला गेलो. मी, आई, मोठी मावशी, आज्जी आणि गाडी चालवायला मावसभाऊ. भाड्याची क्रुझर. नगर, पुणे, सातारा, कोल्हापूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली. ज्यांना तिसगाव माहीत नाही त्यांच्यासाठी: नगर–पाथर्डी रस्त्यावरचं गाव, पाऊस कमी, समुद्र फक्त टीव्हीवर. आज्जीने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायचा होता. तर आज्जीने काय केलं? आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद.

"अगं आज्जी, चक्कर येईल. दोन घोट तरी घे."

"नको बाई. पानी पिलं की पंचाईत. तुमच्या भावाला दर कोसाला गाडी थांबवायला लावू का?"

ऐकणाऱ्यांपैकी मुली आत्ता मान हलवत असतील. मुलग्यांनो, घरी विचारून बघा. प्रवास असला की आपल्या घरातल्या बायका घोटाघोटाचा हिशोब ठेवतात, आणि हा हिशोब कुणी शिकवत नाही. मला वाटलं, याचाही इतिहास असणारच. शोधत गेले आणि पोहोचले ते थेट सिंधुदुर्ग जिल्ह्यातच.

सुरुवात किल्ल्यापासून. मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्गावर जाता येतं. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली आणि तीनेक वर्षांत किल्ला उभा राहिला. सगळे जण तिथं गोड्या पाण्याच्या विहिरी बघतात, महाराजांच्या हाता-पायाचे ठसे बघतात. पण तटावरून चालत गेलात तर ठिकठिकाणी तटाच्या बांधकामातच बसवलेले शौचकूप दिसतात. पहाऱ्यावरच्या माणसाला जागा सोडून लांब जावं लागू नये म्हणून केलेली ही सोय. राजगडावरही असे शौचकूप आहेत. ट्रेकला जाणाऱ्यांनी पाहिले असतील, बहुतेक 'हे काय असावं बरं' म्हणत त्यात वाकून सेल्फीही काढला असेल.

आज्जीला मी ते दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "राजाला कळलं व्हतं. पहारेकरी बी मानूसच हाये."

किल्ल्यावर किती माणसं असणार, कुठं उभी राहणार, किती वेळ, हे ज्याने बांधलं त्याने आधी मोजलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात गडावरच्या केरकचऱ्याचाही विचार आहे. कचरा इकडेतिकडे पडू द्यायचा नाही, तो जाळायचा आणि राख परसात टाकून भाजीपाला घ्यायचा. घाण कुठं टाकायची याबरोबर पुढे तिचं काय करायचं हेही त्या माणसाला सुचलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता किल्ल्याबाहेर या. वाटेवरच्या माणसासाठी आपल्याकडे काय होतं? भरपूर होतं. आमच्या जिल्ह्याला जिचं नाव दिलंय त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं बांधली. पाणी, सावली, जेवण, अंथरूण एवढं दिलं की वाटसरूची सोय झाली असं तेव्हा मानत. संडास त्या यादीत येत नसे, कारण गावाबाहेर रान होतं. भाषा बघा ना: 'परसाकडे जाऊन येतो', 'बहिर्दिशेला गेलाय'. दोन्ही शब्दांत बाहेर, मागे, लांब. बाई असेल तर त्यात अजून एक अट, अंधार हवा. पहाटे उजाडायच्या आत किंवा दिवेलागणीनंतर, तेही चौघी मिळून. म्हणजे आज्जीचा पाण्याचा हिशोब क्रुझरमध्ये सुरू झालेला नाही, तो लग्न होऊन आली तेव्हापासूनचा आहे. आमच्या पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका अजूनही हाच हिशोब घेऊन कोपीत राहतात, महिनोन्महिने, परक्या रानात.

इथं एक छोटं वळण. तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड आला असेल: '१८६७ च्या सराई कायद्यानुसार कुठल्याही फाइव्ह स्टार हॉटेलात फुकट पाणी आणि टॉयलेट हा तुमचा हक्क!' सराई कायदा १८६७ चा, हे खरं. पण त्यात काय आहे? सराईच्या चालकाने खोल्या, ओटे, गटारं, विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, साथीच्या रोगाची खबर द्यावी, राखणदार ठेवावेत, दरपत्रक लावावं. मुक्कामाची जागा साफ ठेवायची जबाबदारी चालकावर टाकलेली आहे. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही आत घेऊन मोफत संडास द्या, असं काही त्यात लिहिलेलं नाही. तेव्हा हा फॉरवर्ड दाखवून रिसेप्शनवर भांडायला जाऊ नका.

मग आली रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तेव्हा प्रवास जेमतेम तासाभराचा, कुणाला काही लागायचा प्रश्न नव्हता. गाड्या लांब पल्ल्याच्या झाल्या तशी पंचाईत सुरू झाली. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलेलं एक पत्र तुम्ही सोशल मीडियावर पाहिलं असेल. १९०९ साली ओखिल चंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे अधिकाऱ्यांना लिहिलेलं. फणस जास्त झाला, पोट बिघडलं, अहमदपूर स्टेशनवर उतरला, तेवढ्यात गार्डने शिट्टी दिली, आणि हा माणूस एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना सगळ्यांसमोर पडला. मोडक्यातोडक्या इंग्रजीमुळे आपण हसतो. पण मला ते पत्र वाचताना वाटतं, हा पुरुष होता म्हणून निदान उतरला तरी, आणि नंतर पत्र तरी लिहिलं. त्याच डब्यातली एखादी बाई काय करत असेल?

पुढे तिसऱ्या वर्गालाही संडास मिळाले. १९१७ मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या रेल्वेप्रवासावर एक पुस्तिका लिहिली, त्यातली त्यांची तक्रार वेगळी आहे. संडास आहेत, पण आत पाय ठेवण्यासारखे नाहीत. आठ वर्षांपूर्वी सेनबाबूंची रड होती की संडास कुठंय. गांधीजींची रड होती की हा साफ कोण करतंय. माझ्या मते आपला सगळा घोळ या दुसऱ्या प्रश्नाभोवती आहे, आणि तो आपण मुद्दाम विचारत नाही, कारण त्याचं उत्तर आपल्याला शतकानुशतकं ठाऊक होतं. एका जातीची माणसं साफ करणार. उत्तर ठरलेलं असलं की कुणी डोकं चालवत नाही. डिझाइन सुधारायची गरजच पडत नाही.

आता मुख्य माणसाकडे येऊ या.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. लोक त्यांना अप्पा म्हणायचे, पुढे 'कोकणचे गांधी'. जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. तत्त्वज्ञान शिकलेला, चांगली प्राध्यापकी करू शकला असता असा माणूस गांधीजींच्या मागे गेला. गांधीजींची आत्मकथा मराठीत वाचली असेल तर तुम्ही अप्पांचं मराठी वाचलंय, तो अनुवाद त्यांचाच. त्या पुस्तकात १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसचा प्रसंग येतो. अधिवेशनाच्या संडासांची अवस्था भयंकर, गांधीजी स्वयंसेवकांना साफसफाईबद्दल विचारतात आणि उत्तर मिळतं की ते आमचं काम नाही, सफाईवाल्याचं आहे. शेवटी गांधीजी स्वतः झाडू मागून घेतात. हा प्रसंग मराठीत उतरवणारा माणूस पुढे आयुष्यभर त्याच प्रश्नाला चिकटून राहिला, हा योगायोग मला फार आवडतो.

१९३२. अप्पा रत्नागिरीच्या तुरुंगात राजकीय कैदी. तुरुंगात मैला उचलायचं काम, ज्याला तेव्हा भंगीकाम म्हणत, ठरावीक जातीच्या कैद्यांनाच दिलं जाई. अप्पांनी ते काम स्वतःसाठी मागितलं. परवानगी नाही. तुम्ही ब्राह्मण, तुम्हाला ते काम देता येत नाही. जात बाहेर पाळायची, आत पाळायची, आणि सरकारी नियमातही पाळायची! अप्पांनी अन्न कमी करत नेलं. येरवड्यात असलेल्या गांधीजींना हे कळल्यावर डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनी अप्पांसाठी उपास सुरू केला. सरकारने विचार करायचं कबूल केल्यावर तो एक-दोन दिवसांत सुटला. संडास साफ करायची परवानगी मिळावी म्हणून उपोषण, असं उदाहरण जगात दुसरं कुठं असेल तर मला नक्की कळवा.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर हा भाग नुसती आरती होईल. डॉ. आंबेडकरांनी १९४५ च्या त्यांच्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात या सगळ्या विचारावर कडक टीका केली आहे. मैला उचलणं हे पवित्र सेवाकार्य आहे असं त्या कामात जन्माने अडकवलेल्या माणसाला सांगणं, ही त्याची क्रूर थट्टा आहे, असा त्यांचा मुद्दा. मला हा मुद्दा पूर्ण पटतो. वरच्या जातीच्या माणसाने चार दिवस झाडू धरला तर त्याचं कौतुक होतं. ज्याच्या आज्या-पणज्यांनी तोच झाडू धरला त्याला कोण हार घालतं?

आणि म्हणूनच अप्पा मला नुसत्या झाडूवाल्या गांधीवाद्यांपेक्षा वेगळे वाटतात. ते झाडूपाशी थांबले नाहीत. त्यांनी प्रश्न फिरवला: मैला कुणालाच उचलावा लागू नये असा संडास करता येईल का? हा इंजिनिअरचा प्रश्न आहे. माणूस बदलत बसण्यापेक्षा सिस्टिम अशी करा की त्या माणसाची गरजच संपेल.

१९४८ मध्ये त्यांनी कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम सुरू केला. तिथल्या प्रयोगांतून जो संडास घडला त्याला 'गोपुरी संडास' हेच नाव पडलं. तत्त्व अगदी साधं. मैल्यावर माती, राख, पालापाचोळा टाकायचा. एक कप्पा भरला की तो झाकून ठेवायचा आणि दुसरा वापरायला घ्यायचा. मधल्या काही महिन्यांत जंतू आपलं काम करतात. मग पहिला कप्पा उघडला की हाती येतं ते वास नसलेलं, मातीसारखं खत. शेतकरी त्याला सोनखत म्हणतात. फ्लशला बादल्या ओतायला नकोत, आणि हे कोकणात फार महत्त्वाचं. तुम्ही म्हणाल कोकणात एवढा पाऊस! पण तो जांभ्यातून झिरपून समुद्राला मिळतो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. आज्ञापत्रातली राख आणि परसातली भाजी आठवली ना? सव्वादोनशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे, पण दोन्हीकडे डोकं एकाच पद्धतीने चाललंय.

हीच दोरी पुढे देहूला जाते. तिथले डॉक्टर सुहास मापुसकर अप्पांच्या विचाराने भारावले, आणि त्यांनी गावकऱ्यांना संडास बांधायला लावण्यात हयात घालवली. संडासाला बायोगॅस जोडणारा 'मलप्रभा' हा नमुना त्यांचा. देहूतल्या त्यांच्या संस्थेला नावही अप्पा पटवर्धनांचंच दिलंय. मापुसकर २०१५ मध्ये गेले, २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय?

आता १९४८ या सालाकडे परत एकदा बघा. त्याच वर्षी १ जूनला एसटीची पहिली गाडी सुटली, नगर ते पुणे. आमच्या जिल्ह्याची ही बढाई आम्ही सोडत नाही. एका टोकाला एसटीची गाडी गावोगावच्या बायाबापड्यांना घराबाहेर काढायला निघाली. आणि कोकणात एक माणूस असा संडास करत होता जो कुणालाही लाज न आणता चालेल. या दोन गोष्टींची गाठ पडायला हवी होती. पडली नाही. अप्पांचा संडास घराचा आणि शेताचा होता. जो वापरतो तोच झाकतो, त्याच्याच शेतात खत जातं, म्हणून तो नीट राहतो. स्टँडवरचा संडास कुणाचाच नसतो. पाच मिनिटं थांबणारा प्रवासी त्यात राख कशाला टाकेल? त्याचा परस तर दोनशे किलोमीटर लांब आहे.

या अडचणीवर दुसरं उत्तर सापडलं ते पैशाचं. लंडनमध्ये १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या प्लंबरने फ्लशचे संडास बसवले आणि वापराला एक पेनी लावली. ८,२७,२८० लोकांनी पेनी मोजली! लोक पैसे देतात, फक्त जागा साफ हवी, हे त्या दिवशी सिद्ध झालं. आपल्याकडे 'सुलभ'च्या बिंदेश्वर पाठकांनी १९७४ मध्ये पाटण्यात 'पैसे द्या आणि वापरा' हा प्रकार सुरू केला. दारात एक माणूस बसतो, तो पैसे घेतो, पाणी आहे का बघतो, आत झाडतो. अप्पांनी माणूस काढून टाकला, पाठकांनी पगार देऊन माणूस बसवला. माझ्या मते गर्दीच्या जागी दुसरंच चालतं.

पण पैसा आला की पुन्हा बाई अडकली. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली ती यातूनच. पुरुषांच्या मुताऱ्या फुकट, बायकांना मात्र तेवढ्याच कामाला पैसे. दिवसभर रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईने दिवसाला किती मोजायचे? तेव्हा लोक नावावरून हसले होते. हसू द्या. पुण्यात विद्या बाळ यांनी सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी'च्या नावाने मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने रस्त्यावरच्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं असणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. फार मोठी गोष्ट. फक्त आदेश होता महानगरपालिकांना. समुद्रकाठच्या छोट्या गावात नगरपंचायत नाहीतर ग्रामपंचायत असते, आणि डिसेंबरात तिथं गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं उतरतात.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०१६ च्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाटीच्या जिल्ह्यांत त्याचा देशात पहिला नंबर आला. हे पुरस्कार पोकळ नाहीत. वाड्या-वस्त्यांत फिरलात तर कोकण खरंच स्वच्छ आहे. पण अशा मोजण्यांत मुख्य आकडा घराचा असतो: किती घरांत संडास आहे. पर्यटक कुठल्याच घरात मोजला जात नाही. तिसगावला आज्जीच्या घरात संडास आहे, म्हणजे ती यादीत 'सोय झालेली' आहे. कोकणातल्या काकूंच्या घरातही आहे, त्याही 'सोय झालेल्या'. मधल्या सहाशे किलोमीटरांत आज्जी कुणाच्याच यादीत नाही.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही एका किनाऱ्यावर गेलो. नाव घेत नाही, कारण गोष्ट त्या एका गावाची नाही. मॅपवर 'सार्वजनिक शौचालय' असा पिन. गेलो. सुंदर इमारत, जांभ्या दगडाची, बाईचं आणि पुरुषाचं चित्र, आणि दाराला कुलूप. शेजारच्या टपरीवाल्याला मावशीने विचारलं.

"चावी तेच्याकडे आसा. तो भायर गेलो."

तो म्हणजे कोण, बाहेर म्हणजे कुठं, काही पत्ता नाही. केंद्र सरकारने गूगलबरोबर शौचालयं मॅपवर टाकायला २०१६ च्या अखेरीस दिल्ली परिसर आणि मध्य प्रदेशातून सुरुवात केली, आणि ती कल्पना चांगलीच आहे. पण मी रोज जे काम करते त्या भाषेत सांगायचं तर हा सर्व्हर विकत आणून बसवण्यासारखा प्रकार आहे, ज्याला चालवायला कुणी टीमच नेमलेली नाही. इमारतीला निधी असतो, उद्घाटनाला पाहुणे असतात. झाडणाऱ्याच्या महिन्याच्या पगाराला, पाण्याच्या टाकीला, पंपाच्या बिलाला निधी शोधावा लागतो. तो नसला की घाण होण्यापेक्षा कुलूप बरं, असं ठरतं. कुलूप लावणारा माणूस वाईट नाही. त्याच्याजागी मी असते तर मीही लावलं असतं.

किनाऱ्यावर आणखी दोन अडचणी आहेत. वाळूत शोषखड्डा खणला तर पाणी वरच लागतं, आणि वाळूतून घाण लांबवर पसरते. शेजारी प्यायची विहीर असली तर खेळ खलास. दुसरी अडचण कायद्याची: भरतीरेषेजवळ बांधकामाला किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे निर्बंध. हे बऱ्याच ठिकाणी कारण म्हणून सांगितलं जातं, पण २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून तात्पुरती स्वच्छतागृहं आणि कपडे बदलायच्या खोल्यांना स्पष्ट जागा दिलेली आहे. शौचालय हा शब्दच त्यात आहे. म्हणजे हंगामापुरतं उभारा, पावसाळ्याआधी काढा, मैला टँकरने न्या. वारीच्या वाटेवर फिरती शौचालयं याच पद्धतीने चालवतात: गावाला एका रात्रीची गर्दी, मग त्याच्यासोबत रिकामं करणारी गाडी आणि साफ ठेवणारी माणसंही पुढच्या मुक्कामाला जातात. तिथं संडासाबरोबर माणूस चालतो, म्हणून ते टिकतं.

आज्जीचं काय झालं, हे विचाराल. टपरीमागच्या घरातून एक काकू हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी हाक मारली, "येवा, येवा. आमच्याकडे जावा." घराच्या मागे, माडाच्या बुंध्याशी, स्वच्छ संडास. बादली भरलेली. आज्जी बाहेर आली आणि पहिल्यांदा त्या प्रवासात तांब्याभर पाणी प्यायली. मावशी पैसे देऊ लागली तर काकूंनी हात मागे घेतला. हंगामात दिवसाला अशा किती जणी येतात, असं मी विचारलं. "मोजूक नाय," म्हणाल्या. त्यांची विहीर, त्यांचं पाणी, त्यांचा झाडू. पर्यटन जिल्ह्याची एक अख्खी सेवा या काकू फुकटात चालवत आहेत, आणि हे कुठल्याही बजेटमध्ये नाही.

कणकवलीवरून गेलात तर वागद्याला गोपुरी आश्रम बघून या. अप्पा १९७१ मध्ये गेले, आश्रम अजून आहे.

आणि हो, आम्ही हसतोय कोकणाला, पण होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा असते, आणि तेव्हा आमचंच तिसगाव कुणाच्या तरी वाटेवरचं अनोळखी गाव होतं. जीप थांबते, दोघीतिघी उतरतात, दार वाजवतात आणि हळू आवाजात आईला विचारतात. आई पूर्वीपासून नाही म्हणत नव्हती. यंदा तिने मागच्या दाराशी एक वेगळी बादली आणि साबण ठेवलाय, आणि मला ग्रामपंचायतीला अर्ज लिहून द्यायला सांगितलाय. अर्जात संडास मागायचा नाही, म्हणाली. यात्रेच्या दिवसांत साफ करणाऱ्या माणसाचा पगार मागायचा.